गप्पीची पिल्ले : घरातली आणि शाळेतली मत्स्यपेटी



माशाचा विषय निघाला की आपल्यापुढे एक तर कालवण उभे राहते, नाही तर नदीत फेकलेले जाळे. आज ज्या माशाविषयी बोलणार आहे तो या दोन्हींच्या उपयोगाचा नाही. जाळ्याच्या भोकातून तो सहज निसटेल, आणि कालवण करायचे म्हटले तर ओंजळभर मासे जमवूनही एका माणसाचे पोट भरायचे नाही. याचा नर जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, मादी पाचेक सेंटिमीटर. नाव गप्पी. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या सिमेंटच्या टाकीत पाहिला असेल. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवतापाच्या कामावरची माणसे त्याला पाळतात आणि गावोगाव नेऊन देतात.

अळी गप्पकन गिळतो म्हणून त्याचे नाव गप्पी पडले असावे, असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण ते नाव एका माणसाचे आहे. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचे गृहस्थ वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहत. त्यांनी तिथले काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडले, आणि तिथले ग्युंथर यांनी १८६६ साली माशाला त्यांचे नाव दिले. मागाहून असे दिसून आले की पेटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याच माशाचे वर्णन १८५९ साली करून ठेवले होते. तेव्हा शास्त्राच्या पुस्तकात पेटर्स यांनी दिलेले नाव राहिले आणि लोकांच्या तोंडी गप्पी राहिला. सांगायचे ते हे की हा मासा आपल्याकडचा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्या बेटांचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी तिच्याशीच आपले काम पडणार आहे.

गप्पीचे वैशिष्ट्य असे की तो अंडी घालत नाही. रोहू, कटला, मरळ यांची मादी पाण्यात अंडी सोडते आणि पिल्ले बाहेर फुटतात. गप्पीची मादी थेट पोहणारी पिल्ले देते. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे दुकानात मिळणारे मासेही त्याच कुळातले. शिक्षक मित्रांना मुले लगेच विचारतील : गुरुजी, मग हा मासा गाई-म्हशींसारखा झाला का? तर नाही. वासराला नाळेतून आईचे पोषण मिळते. गप्पीच्या पोटात अंडीच असतात. ती आतल्या आत वाढतात आणि पिल्लाला मुख्यतः अंड्यातल्या बलकावरच दिवस काढावे लागतात. पिल्लू पुरे झाले की अंडे फुटते आणि ते बाहेर पडते. आई त्याला दूध पाजत नाही, राखत नाही. उलट पोट रिकामे असेल तर समोर आलेले पिल्लू खाऊन टाकते.

म्हणून सांगतो, गप्पीची पैदास करणे हे अवघड काम मुळीच नाही. नर आणि मादी एका पाण्यात असले की पैदास आपोआप होते; तिला ना मुहूर्त लागतो ना औषध. आपल्याकडे जे काम उरते ते वेळच्या वेळी वेगळे करण्याचे. आईपासून पिल्ले वेगळी, बहिणींपासून भाऊ वेगळे, आणि आपल्या पेटीपासून गावचा ओढा वेगळा. एवढे ज्याला जमले त्याला गप्पी जमला.

आधी पेटीचे बघू. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी काचेची पेटी घरी किंवा शाळेत पुरे होते. तीत पन्नास लिटरांच्या आसपास पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन पन्नास किलो. तेव्हा ती हलत्या टेबलावर ठेवू नका आणि भरल्यावर उचलू तर नकाच, सांधे उकलतात. काचेची पेटी परवडत नसेल तर सिमेंटची कुंडी किंवा रुंद तोंडाचा जुना रांजणही चालतो. मासे त्यात सुखाने राहतील, पण मुलांना ते फक्त वरून दिसतील.

तळाला ओढ्यातली जाडसर वाळू, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घातलेली. वाळूत हायड्रिला लावावी. प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग दाखवताना उलट्या परीक्षानळीत प्राणवायूचे बुडबुडे काढतो, तीच ही पाणवनस्पती. ती दाट वाढू द्या, पिल्लांना लपायला तिच्यासारखी जागा नाही. पेटी खिडकीशेजारी ठेवावी, पण पश्चिमेचे ऊन सरळ पडेल अशी नको. पाणी तापते आणि काच शेवाळाने हिरवी होते.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. गप्पीला थोडे जड पाणी मानवते, आणि आपल्या काळ्या कातळातल्या विहिरींचे पाणी बहुधा तसेच असते. म्हणजे ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो म्हणून घरात कुरकुर होते, ते गप्पीला गोड लागते. दुसरी गोष्ट टी.सी.एल. पावडरीची. ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत पावडर टाकते ती योग्यच आहे, पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच पेटीत घालावे.

नव्या पेटीत पहिल्याच दिवशी पंचवीस मासे सोडणे ही सर्वांत मोठी चूक. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. पाण्यातले आणि वाळूतले जिवाणू त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करतात. यांपैकी नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. पण हे जिवाणू नव्या पेटीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होत नाही, तसेच हे आहे. कुणाच्या जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर वाळू मिळाली तर तीच विरजण म्हणून घाला. पहिला महिना तीन-चार माशांवरच भागवा, खाणे कमी द्या आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी रबरी नळीने तळाच्या घाणीसकट काढून तेवढे नवे घाला. सगळे पाणी एकदम बदलू नये. पेटी चकचकीत दिसते, पण विरजणही वाहून जाते.

आता मासे. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. नर रंगीत आणि बारीक. मादी मोठी, फिकट, करड्या रंगाची. नर दिवसभर मादीच्या मागे लागलेला असतो. नर जास्त झाले तर बिचारीला खायलाही फुरसत मिळत नाही. ओळखीची आणखी एक पक्की खूण आहे. पोटाखालचा मागचा पर मादीत पंख्यासारखा असतो. नरात तो निमुळता होऊन काडीसारखा दिसतो. हीच काडी वापरून नर मादीच्या शरीरात बीज सोडतो.

मादी गाभण आहे हे कसे ओळखायचे? पोटाच्या मागच्या टोकाशी एक काळसर डाग असतो, तो दिवसेंदिवस गडद आणि मोठा होत जातो. शेवटच्या दिवसांत पोट गोल न राहता पुढून चौकोनी दिसू लागते. फिकट अंगाची मादी उजेडासमोर आली तर आतल्या पिल्लांचे डोळे बारीक टिंबांसारखे दिसतात. मुलांना ते अवश्य दाखवा. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांचे असेल तर साधारण चार आठवड्यांत मादी वेत देते. थंडीत दिवस वाढतात. पहिलटकरीण पाच-दहा पिल्ले देईल. मोठी मादी वीस-तीस, कधी पन्नासही.

पिल्लू सहा-सात मिलिमीटरचे, दोन डोळे आणि शेपूट, बाकी काही नाही. जन्मतः ते जरा तळाशी टेकते, मग अंग सैल करून वर येते आणि झाडोऱ्यात शिरते. हीच धोक्याची वेळ. बाजारात यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या मिळतात, त्यांत मादीला कोंडतात. मला त्या पसंत नाहीत. इतक्या अडचणीत मादी घाबरते आणि कधीकधी अर्धवट दिवसांची पिल्ले टाकते. त्यापेक्षा वेगळ्या बादलीत किंवा कुंडीत भरपूर हायड्रिला घालून दिवस भरत आल्यावर तिला तिथे हलवा, पोटभर खायला द्या आणि वेत झाले की तिला परत न्या. दुसरी सोय हवी असेल तर भाजी धुण्याची मोठ्या भोकांची प्लॅस्टिकची परडी पाण्यात अर्धी बुडेल अशी बांधून मादी तिच्यात ठेवावी. पिल्ले भोकांतून खाली पडतात, आई वर राहते. भोके मात्र पिल्लाला पुरतील एवढी हवीत. ते आधी तपासा.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा चिमटीच्या टोकाएवढे खाणे. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीच्या फडक्यात घालून पाण्यात पिळला की धुके पसरते, ते पिल्ले टिपतात. पण बलकाने पाणी फार लवकर नासते, म्हणून मोहरीएवढाच घ्या. मीठ न लावलेला सुका जवळा पाट्यावर वस्त्रगाळ करून ठेवला तर तो मोठ्यांना आणि पिल्लांनाही चालतो. डासांच्या अळ्या मिळाल्या तर उत्तमच. ज्यांनी अळ्यांसाठी मुद्दाम पाणी साठवून ठेवायचा विचार केला असेल त्यांनी तो सोडून द्यावा. खाण्याआधी चार डास उडाले तर सगळेच मुसळ केरात. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न टाकायचे, हा नियम लहानमोठ्या सर्वांना. गप्पी उपासाने क्वचित मरतो. उरलेल्या अन्नाने नासलेल्या पाण्यात मात्र पुष्कळ मरतात.

मराठवाडा-विदर्भातल्या श्रोत्यांसाठी एक सूचना. मे महिन्यात पाणी फार तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात. कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि मासे विरळ करावेत. हिवाळ्यात उलटे, पाणी दहा अंशांच्या खाली गेले तर गप्पी जगत नाही, म्हणून बाहेरच्या कुंड्या थंडीच्या रात्री आत घ्याव्यात.

तीन आठवडे झाले की दुसरे वेगळे करणे आले. आठवड्यातून एकदा पिल्ले काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरावीत. ज्याचा पोटाखालचा पर निमुळता होऊ लागला तो नर. त्याला दुसऱ्या भांड्यात टाका. दोन महिन्यांत नर पूर्ण वयात येतात, माद्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गाभण राहतात. याला एवढे महत्त्व का? कारण मादी नराचे बीज पोटात महिनोन् महिने जपून ठेवते. एकदा संग झाला की त्यावर ती पुढची कित्येक वेते देते, नर जवळ असो वा नसो. दुकानातून आणलेली मोठी मादी जवळजवळ नेहमीच गाभण असते आणि बाप कोण ते तुम्हाला कधीच कळत नाही. ज्याला चांगला वाण धरायचा आहे, त्याला पिल्ले वेळेत निवडण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे शिक्षकांसाठी एक मोठा खजिना आहे. कोपनहेगनचे योहानेस श्मिट यांनी १९२० साली गप्पीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठीवरच्या परावर काळा ठिपका असलेला नर त्यांनी बिनठिपक्याच्या वाणातल्या मादीला दिला. जन्मलेल्या सर्व नरांच्या परावर बापासारखाच ठिपका आला. त्या नरांचे पुत्रही तसेच. मुलींच्या पोटी जन्मलेल्या नातवांना मात्र ठिपका नाही. वारसा केवळ बापाकडून मुलाकडे! १९२२ साली त्याच शहरातल्या विंगे यांनी खुलासा केला की हा गुण वाय गुणसूत्रावर बसलेला आहे, आणि वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलालाच मिळते. हे मुलांना फळ्यावर शिकवता येते. पण दोन भांड्यांत दोन निराळ्या रंगांचे नर आणि लहानपणीच वेगळ्या केलेल्या माद्या ठेवल्या तर एका सत्रात डोळ्यांनी दाखवता येते. मात्र सगळेच रंग असे सरळ जात नाहीत. काही आईकडूनही येतात, फक्त तिच्या अंगावर ते दिसत नाहीत. मुलांचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर त्यांना रागावू नका. वहीत जे दिसले तेच लिहू द्या.

रंगाचा आणखी एक प्रश्न मुले हमखास काढतात : नरच एवढा नटवा का? त्रिनिदादच्या डोंगरांतल्या ओढ्यांवर याचे उत्तर शोधले गेले. धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे, तिथले गप्पी मळकट. धबधब्याच्या वर शिकारी मासे येऊ शकत नाहीत, तिथले गप्पी रंगेल. मादीला रंगीत नर आवडतो आणि शिकाऱ्याला तोच आधी दिसतो. या दोघांच्या ओढाताणीत नराचा अंगरखा ठरतो. जॉन एंडलर यांनी शिकारी मासा असलेली आणि नसलेली अशी तळी करून, आणि खालचे गप्पी वरच्या निर्धोक ओढ्यात सोडून, हे पडताळून पाहिले आणि १९८० साली प्रसिद्ध केले. दोनेक वर्षांतच, म्हणजे पंधरा-एक पिढ्यांत, निर्धोक जागच्या नरांवर ठिपके वाढले होते. जीवांची उत्क्रांती लाखो वर्षांची असते असे आपण शिकवतो. ती पाचवीतला मुलगा सातवीत जाईपर्यंतही थोडीफार दिसू शकते.

आता हिशेब करा. एका मादीला तीस पिल्ले, त्यांत पंधरा माद्या. चार महिन्यांनी त्या प्रत्येकीने तीस-तीस दिली तर साडेचारशे. शिवाय पहिली आई दर महिन्याला देतच आहे. सगळी जगत नाहीत हे खरे, तरी सहा महिन्यांत पेटी भरून वाहते. आणि मग घरातले कुणीतरी म्हणते, ने ते, सोड ओढ्यात, पुण्य लागेल.

तेवढे करू नका, बरं का. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत असे कितीतरी लहान मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांची अंडी आणि पिल्ले, बेडकांची अंडी, यांना गप्पी वर्ज्य मानत नाही. वर्षभर वीत राहणारा हा पाहुणा एकदा वाहत्या पाण्यात शिरला की त्याला परत काढणे कुणाच्याही हातात नाही. त्याचा भाऊबंद गंबुशिया हा मासा १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला, तोही डासांसाठीच. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. आणि ओढ्यात डासांच्या अळ्या खाणारे कुणी नाही असेही नाही. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला, पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगणारा एक चपटा देशी मासा तुम्ही पाहिला असेल. ते काम तो केव्हापासून करतो आहे.

मग गप्पी सोडायचा कुठे? बांधलेल्या, बंद पाण्यात. गुरांचा सिमेंटचा हौद, बांधकामासाठी साठवलेले पाणी, वापरात नसलेली टाकी, बागेतले कारंजे. गढूळ, घाणेरड्या पाण्यातही तो तग धरतो. मात्र लांब, झुळझुळीत शेपटीचे शोभेचे नर अशा जागी पाठवू नका. त्यांना धड पोहता येत नाही. साधे, ओबडधोबड गप्पीच तिथे कामाचे. मला विचाराल तर पेटीतही तेच बरे.

आणि गप्पी सोडला म्हणजे डेंग्यू गेला, असे समजून स्वस्थ बसू नका. डेंग्यूचा डास नारळाच्या करवंटीत, टायरमध्ये, कूलरमध्ये, माठाखालच्या ताटलीत वाढतो. तिथे मासा कसा राहणार? अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून कोरडी करायची. तीही नुसती उपडी नव्हे, आतून घासून. कारण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या अंगाला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हाच उपाय.

हौदात गप्पी सोडण्याआधी त्याचा सांडवा कुठे जातो ते पाहा. पावसाळ्यात हौद भरून पाणी ओढ्याला मिळत असेल तर सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, आणि ती पिल्लू अडेल इतकी बारीक असू द्या. शेजारच्या शाळेला मासे द्यायचे असतील तर नरांची अदलाबदल करा, म्हणजे वाण खुरटत नाही. आलेले मासे दोन आठवडे निराळ्या भांड्यात ठेवून, अंगावर पांढरे ठिपके किंवा कुजलेले पर नाहीत ना ते बघून मगच आपल्यात मिसळा. हिवतापाच्या कामावरचे आरोग्य कर्मचारी गावात येतात, त्यांनाही विचारा. त्यांना मासे हवे असतात. आणि कुठेच जागा नसेल तर नर एकीकडे, माद्या दुसरीकडे करून पैदास थांबवावी. फक्त साठवलेल्या बिजाची गोष्ट विसरू नका. माद्या वेगळ्या काढल्या तरी पुढचे काही महिने त्यांची वेते चालूच राहतील, तेव्हा एक रिकामी कुंडी तयार ठेवा.